अण्णांच्या आवाजातले अकरा भाग

दुपारचे दोन वाजले की वरच्या घरात माणसं बोलत असल्याचा भास मला अजून होतो. आधी एक बाई बोलते, मग कोणीतरी शिटी वाजवल्यासारखं हसतं, मग आहेर अण्णांचा आवाज येतो, "आता बघ, आता बघ." हातातलं पीठ तसंच ठेवून मी वर पाहते. वर आता नवीन बिऱ्हाड आहे. नवराबायको दोघं नोकरीला जातात, दुपारी दाराला कुलूप असतं. एकदा जिना चढून मी ते कुलूप पाहूनही आले.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मुलाच्या जुन्या वहीत पानं उरली होती, त्यात लिहिते आहे.

अण्णा नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये मशीनवर होते. मूळचे सटाण्याकडचे. मी लग्न होऊन पेठ तालुक्यातून नाशिक रोडला आले तेव्हापासून आम्ही तळमजल्यावर आणि ते आमच्या डोक्यावर. जन्म मशीनच्या धडधडीत गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमतच नसे. "आज मीठ कमी पडलं" हे तिन्ही मजल्यांना कळायचं. एवढं असून कामाबद्दल तोंडातून एक शब्द निघत नसे. आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही, हा तिथला नियम, आणि अण्णांनी तो असा पाळला की त्यांची मशीन केवढी आहे, हेसुद्धा घरात कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांची बायको, आमच्या ताराकाकू, म्हणायच्या, "आवाज बघा केवढा, आणि बातमी एक नाही."

त्यांच्या मुलीला, वर्षाला, आणि त्यांना मिळून एकच वेड होतं. रविवारी सकाळी टीव्हीवर हिंदीत एक इंग्रजी मालिका लागायची. आकाशातून एक जहाज जातं, वर्षानुवर्षं जातच राहतं, त्यात एक कॅप्टनबाई आणि इंजिन सांभाळणारा म्हातारा मिस्त्री. बापलेक एका गोधडीत बसून बघायचे. काकू लाटणं हातात घेऊन दाराशी यायच्या आणि दर रविवारी तेच विचारायच्या, "पोचलं का ते जहाज कुठं?"

"नाही अजून."

"मग जेवून घ्या. त्याला वेळ दिसतोय."

वर्षा हुशार निघाली, शिकायला अमेरिकेत गेली. तिला जाऊन वर्ष व्हायच्या आतच काकूंनी अंथरूण धरलं. मी दिवसभर त्यांच्याजवळ असायची. एका संध्याकाळी त्यांनी उशीखालून नंबराची चिठ्ठी काढली. "सुमन, वर्षाला फोन लाव. म्हणावं, आईनं बोलावलंय." मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाले. जिन्यातच अण्णा भेटले, ड्युटीवरून येत होते, हातात रिकामा डबा. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, घडी घातली, खिशात ठेवली.

"परीक्षा आहे तिची. काकू बरी होईल. वर जाऊन सांग, फोन लागत नाही."

मी वर जाऊन तसं सांगितलं. काकू पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या आणि मी तेच सांगत राहिले. एकदा त्या म्हणाल्या, "तू लाजाळू आहेस, बूथवाल्याला नीट सांगत नसशील." मी मान हलवली. मग काकू गेल्या.

वर्षा आली ती दहाव्याला. तिनं विचारलं, "आईनं माझी आठवण काढली का?" अण्णा म्हणाले, "अचानक गेली. बोलायला वेळच मिळाला नाही." मी मोरीत कपडे पिळत होते. वर्षानं माझ्याकडे पाहिलं, मी बादलीकडे पाहिलं. परीक्षा तिनं दिली, पास झाली, तिकडेच नोकरीला लागली.

त्यानंतर अण्णांचा दोन वेळचा स्वयंपाक माझ्याकडे आला. ते रिटायर झाले आणि घर एवढं शांत झालं की त्यांचं चमच्यानं चहा ढवळणंही मला खाली ऐकू यायचं. मग वर्षानं डीव्हीडी प्लेयर पाठवला आणि त्या जहाजाच्या मालिकेचा एक खोका. पहिल्या वर्षाचे तेरा भाग. या वेळी सगळं इंग्रजीत.

दुसऱ्याच दिवशी ते फोनवर ओरडताना जिन्यात ऐकू आले. "वर्षे, डिस्क खराब आली. दुकानात परत कर. चित्र चांगलं आहे, पण मागे दुकानातली माणसं गप्पा मारतात. मधे मधे हसतात. काय शिस्त?"

रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं होतं. वर्षानं तिकडून समजावलं ते त्यांनी मला जेवताना समजावलं. मालिका ज्यांनी केली ती माणसं बऱ्याच वर्षांनी एका खोलीत बसतात, आपलंच काम बघतात आणि बघता बघता बोलतात. ते बोलणं चित्रावर चढवून ठेवलेलं असतं. "क्रिकेटची कॉमेंट्री असते ना, तशी. फक्त मॅच कधीच संपलेली आहे."

त्या दिवसापासून अण्णांनी नुसती मालिका पाहणं सोडलं. कॉमेंट्री लावूनच पाहायचे. इंग्रजी मॅट्रिकपुरतं. एकेक वाक्य दहा वेळा मागे नेऊन ऐकायचे, मांडीवर डिक्शनरी, कानामागे पेन्सिल. काही अडलं तर रविवारी वर्षाला विचारायचे. महिन्याभरात तिन्ही आवाज त्यांच्या ओळखीचे झाले. ज्यानं मालिका काढली तो मालक, कॅप्टन झालेली ती बाई, आणि शिटीसारखं हसणारा तो मिस्त्री. दुपारी दोनला हातपाय धुऊन, बनियनवर शर्ट चढवून खुर्चीत बसायचे. मी विचारलं, शर्ट कशाला? म्हणाले, "चार माणसांत बसायचंय."

भांडी झाली की मला ते दारापाशी बसवायचे आणि सांगत जायचे. "ते आकाश दिसतं ना? काळा कपडा आहे. भोकं पाडलीत आणि मागे दिवे. एक बाई हँडल फिरवते, कपडा सरकतो, जहाज चाललंसं वाटतं. आज तिचा हात दुखत होता, म्हणून बघ, जहाज हळू चाललंय."

मी म्हटलं, "म्हणजे सगळं खोटंच की अण्णा."

"खोटं कसं? हँडल तर कोणी खरंच फिरवलं ना."

मग म्हणाले, "मी इतकी वर्षं काय केलं ते तुझ्या काकूला कळलं नाही. ही माणसं बघ, एक दिवा कसा लावला ते सांगायला पाऊण तास बसतात. आणि दुसरे ऐकून घेतात."

शेजारी हसायचे. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या पगारेवहिनी मला विचारायच्या, "अण्णांकडे इंग्रज पाव्हणे आलेत का गं? चहा करतेस का त्यांना?" चहाचं सोडा. त्याहून मोठं एक झालं, ते मी वहिनींना सांगितलं नाही.

वर्षानं दुसऱ्या वर्षाचा खोका पाठवला. अण्णांनी पहिलाच भाग लावला आणि मिस्त्रीचा आवाज आलाच नाही. चित्रात मिस्त्री नेहमीसारखा इंजिनावर वाकलेला, पाना हातात, आणि कॉमेंट्रीत फक्त मालक आणि बाई. थोड्या वेळानं मालक काहीतरी बोलला आणि बाई गप्प झाली. अण्णांनी ते चार-पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. मग रिमोट खाली ठेवला.

"गेला तो."

"कोण?"

"मिस्त्री. मधल्या काळात गेला." टीव्हीत तो हसत होता. अण्णा म्हणाले, "बघ, मेलेला माणूस काम करतोय आणि जिवंत माणसं त्याच्याबद्दल बोलतायत. आणि हेही बोलून किती दिवस झाले असतील कोणास ठाऊक. बाई तरी असेल का?"

पुढच्याच आठवड्यात आखाजी होती, म्हणजे आपली अक्षय्यतृतीया. त्यांच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर मांडतात, वर खरबूज ठेवतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. काकूंची घागर मीच मांडून द्यायची. त्या दिवशी वर गेले तर पाटावर दोन घागरी. दुसरी लहान, नवी, बाजारातून आणलेली.

"ही कोणाची?"

"त्याची," अण्णा टीव्हीकडे बघून म्हणाले. "त्याच्या गावात कोण मांडणार?"

मी दुसरंही पान वाढलं. अण्णा हात जोडून उभे राहिले आणि मला उगाच वाटलं, दोन घागरींच्या मधून ते काकूंकडे बघत नाहीयेत, बघणं चुकवतायत.

मिस्त्री ज्या भागांत बोलला होता ते पहिल्या वर्षाचे तेरा भाग अण्णा पुन्हा लावू लागले. आता दुपारी वरून येणारं ते शिटीसारखं हसणं ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. अण्णांना मात्र ते बरं वाटायचं. म्हणायचे, "माणूस जातो. बोललेलं राहतं. न बोललेलं कुठं जातं, ते मला सांग."

त्याच सुमाराला त्यांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाले, मग तंबाखू म्हणाले. आवाज चिरका होत गेला, मिठाचं आता फक्त मलाच ऐकू यायचं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

अण्णा घरी आले, जेवले, आणि माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढायला लावला.

"तेरा भाग आहेत. माझी कॉमेंट्री करायची. मराठीत. वर्षासाठी."

"जहाजाची?"

"जहाजाची तिला माहीत आहे. आमची."

पद्धत अशी ठरली. भिंतीवरच्या बोर्डात टीव्ही आणि डीव्हीडी एवढ्याचीच सोय होती, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर. टीव्हीचा आवाज बंद. चित्र नीट दिसावं म्हणून पडदे ओढलेले. रिमोट अण्णांच्या हातात, टेपचं लाल बटण माझ्याकडे. ते म्हणणार, "एक, दोन, तीन, चालू," आणि दोघांनी एकदम दाबायचं, म्हणजे वर्षा ऐकेल तेव्हा चित्र आणि बोलणं जुळेल. एका कॅसेटवर एक भाग. वर्तमानपत्रात भारनियमनाचं वेळापत्रक यायचं ते बघून लाईट जायच्या आत उरकायचं.

मला वाटलं होतं, ते कपड्याच्या आकाशाचं सांगतील. ते म्हणाले, "वर्षे, हे दार उघडतं ना, इथे तू गोधडीत तोंड घातलं होतंस. पाच वर्षांची होतीस. मी म्हटलं, काही नाही, रिकामी खोली आहे. तू म्हणालीस, रिकाम्या खोलीचीच भीती वाटते." कधी म्हणायचे, "आता आई येईल दाराशी, वांग्याचं भरीत आहे आज." आणि पाचव्या भागात, जहाजाच्या इंजिनाकडे बघत, त्यांनी पहिल्यांदा आपल्या मशीनबद्दल सांगितलं. छपाईचं काही नाही, तेवढा नियम तेव्हाही पाळला. फक्त एवढंच, की चालू झाली की जमीन पायाखाली कशी थरथरायची, आणि घरी येऊन झोपल्यावरही तळपायांना ती कशी जाणवत राहायची. "आई विचारायची, झोपेत पाय का हलवता? मी म्हणायचो, डास." मी बटणाजवळ बसून ऐकत होते. काकूंनी हे ऐकायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

सातव्या भागाच्या वेळी लाईट ठरल्याआधीच गेली. चित्र विझलं. पडदे ओढलेले, खोलीत अंधार. मी उठून पडदा सारणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "राहू दे. बस जरा. लाईट गेली."

दूर मालगाडी जात होती. मग ते त्या काळ्या टीव्हीकडे बघून बोलू लागले. सटाण्याची भाषा ते माझ्याशी कधी बोलत नसत, काकूंशी आणि वर्षाशीच बोलायचे. तिच्यात बोलले.

"वर्षे, तुनी माय तुले बलाये. मीच फोन करा नही."

तुझी आई तुला बोलावत होती. मीच फोन केला नाही. मग मराठीत, तुटक तुटक, सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, परीक्षेचं. "मला वाटलं वाचेल ती. मग वाटलं, आता फोन केला तर पोचेपर्यंत उशीर होईल. मग उशीर झालाच. सुमनला खोटं बोलायला मी लावलं. तिच्याकडे दोष नाही."

टेपरेकॉर्डर माझ्या गुडघ्याजवळ होता. लाईट गेल्यानं त्याला काही फरक पडला नव्हता. लहान लाल दिवा पेटलेला, चाकं फिरत होती. बटण माझ्याकडे होतं. मी बोट त्यावर ठेवलं. आणि दाबलं नाही. जिन्यात ती चिठ्ठी हातातून जाऊ दिली, तेव्हापासून माझ्या हातून काही झालं असेल तर ते हेच, की मी काही केलं नाही.

बऱ्याच वेळानं कॅसेट संपली आणि बटण खटकन आपोआप वर आलं. अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "चहा ठेव." त्यांना कळलं की नाही, ते मला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवा भाग लावला. सातवा पुन्हा करू असं म्हणाले नाहीत.

अकरा झाले. बाराव्याला "एक, दोन" एवढंच निघालं, पुढे नुसती हवा. त्यांनी रिमोट ठेवला आणि हातानं मला बंद कर म्हणून खुणावलं. दोन भाग राहिले ते राहिलेच.

ते दवाखान्यात असताना किल्ली माझ्याकडे होती. झाडून घेताना मी टीव्हीजवळच्या अकरा कॅसेटी पुसून ठेवायची. प्रत्येकीवर अण्णांनी आकडा घातलेला. एक दिवस सातवी पदराखाली घेऊन मी जिन्यापर्यंत आले. वर्षा येणार होती. ती ऐकेल आणि बापाकडे काय नजरेनं बघेल, आणि तो उत्तरही देऊ शकणार नाही, हे मला दिसत होतं. मग अर्ध्या जिन्यातून परत गेले आणि सहा आणि आठच्या मधे ती होती तशी ठेवली.

वर्षा ऑपरेशननंतर आठवड्यानं आली. अण्णा घरी आले होते, गळ्याला पांढरी जाळीची पट्टी, श्वास तिथूनच चालायचा, ती वर-खाली व्हायची. बोलायचं असेल तर पाटीवर लिहायचे. कॅसेटी बघून वर्षा रडली आणि हसली. म्हणाली, "अण्णा, तुम्ही कॉमेंट्री केली? मी घाईनं नाही ऐकणार. रोज एक." मी मनात दिवस मोजू लागले. पहिल्या सहा दिवसांत वरून जुना आवाज यायचा आणि वर्षाचं हसू यायचं. पगारेवहिनी जिन्यात थबकल्या. "अगं, अण्णांचं ऑपरेशन झालं ना? मग हे कोण बोलतंय?"

सातव्या दिवशी दुपारी मी भाकरी घेऊन वर गेले. त्याच संध्याकाळी गावाहून आई आजारी असल्याचा निरोप आला आणि मला पेठला जावं लागलं. महिन्याभरानं परतले तेव्हा अण्णा गेलेले होते, घशाचं पुन्हा चिघळलं होतं, वर्षाही सगळं आवरून परत गेली होती. म्हणून त्या दुपारी उंबऱ्यातून दिसले ते अण्णा माझ्यासाठी शेवटचे.

पडदे ओढलेले होते. टीव्हीवर जहाज चाललेलं. टेपमधून अण्णा म्हणाले, "राहू दे. बस जरा. लाईट गेली," आणि टीव्हीत मात्र सगळे दिवे लागलेले, मिस्त्री हसत होता. वर्षाला वाटलं, टेप बिघडली. तिनं बंद करायला हात पुढे केला. अण्णांनी तो हात धरला, बाजूला केला, आणि रिमोट उचलून टीव्ही बंद केला. खोलीत अंधार झाला. टेप चालू राहिली. मालगाडी गेली. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी टेप चालू होती हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

आवाज बोलला. सगळं बोलला. अण्णा खुर्चीत, शर्ट घातलेला, आपलाच आवाज ऐकत बसले होते, आणि ओठ हलत नव्हते. माझं नाव आलं तेव्हा मी ताट घट्ट धरलं. मग खटकन बटण वर आलं.

वर्षानं वळून पाहिलं नाही. काळ्या टीव्हीकडे बघतच तिनं विचारलं, "किती दिवस बोलावत होती?"

अण्णांत आणि माझ्यात आवाज असलेली मी एकटी होते. मला उत्तर माहीत होतं. अण्णांनी पाटी शोधली नाही. त्यांनी उजवा हात तिच्या डोळ्यांसमोर नेला आणि तीन बोटं उभी केली.

वर्षा बोटांकडे बघत राहिली. त्यांनी हात खाली घेतला नाही. मी भाकरीचं ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि जिना उतरले. तो हात तिनं धरला की तसाच राहू दिला, ते मी पाहिलेलं नाही.